काळवंडलेला फोटो वाचतो, जळालेला नाही

रेवदंड्याच्या किल्ल्यात, नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये सातखणीचा मनोरा उभा आहे. पोर्तुगीज काळातल्या फ्रान्सिस्कन चर्चचा हा मनोरा. नावात सात खण असले तरी आज त्याचे चारच मजले शिल्लक आहेत. पायथा झाडांच्या गर्द सावलीत आणि माथा थेट आभाळात, अशी त्याची जागा आहे. दुपारनंतर वाडीच्या बाजूने त्याचा फोटो घ्यायला गेलं की सूर्य समुद्राकडे, म्हणजे मनोऱ्याच्या पाठीशी असतो. मग दोहोंपैकी एक काहीतरी होतं. आभाळ छान निळं येतं आणि मनोरा काळ्या कागदातून कापून काढल्यासारखा दिसतो. नाहीतर दगडाचा पोत, भिंतीत रुजलेली झाडं, खिडक्यांच्या कमानी सगळं स्वच्छ दिसतं, पण मागचं आभाळ कोऱ्या कागदासारखं पांढरं होतं. घरी येऊन फोटो चाळताना बहुतेक जण पहिला पुसून टाकतात आणि दुसरा ठेवतात, कारण दुसऱ्यात निदान मनोरा तरी दिसतो. या लेखात मला नेमकं उलट सांगायचं आहे. संगणकावर वाचवता येण्याजोगा फोटो बहुधा पहिलाच असतो. काळोखात गेलेल्या भागात बरीच माहिती दडलेली असते. पांढऱ्यात गेलेल्या भागात ती मुळातच उरलेली नसते. एडिटिंग म्हणजे नोंदलेलं बाहेर काढणं, न नोंदलेलं निर्माण करणं नव्हे. एवढा एक भेद मनात पक्का असेल तर कोणत्या फोटोवर तासभर घालवायचा, कोणता सोडून द्यायचा आणि पुढच्या वेळी कॅमेरा कसा लावायचा, हे तिन्ही प्रश्न सुटत जातात.

याचं कारण सेन्सरच्या रचनेत आहे. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल पावसात ठेवलेल्या घागरीसारखा असतो. घागर अर्धी भरली तर किती पाऊस पडला ते मोजता येतं. काठोकाठ भरून वाहू लागली की त्यानंतर थोडा पडला की धो-धो, हे ती सांगू शकत नाही. आभाळातला ढगाचा शुभ्र काठ आणि त्याच्या शेजारची किंचित करडी छटा, दोन्ही जागी पिक्सेल पूर्ण भरला तर दोन्हींची नोंद एकच होते. त्यांच्यातला फरक त्याच क्षणी संपला. पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये हायलाइटचा स्लायडर डावीकडे ओढला तर पांढऱ्याचा करडा होईल, ढग परत येणार नाही. अंधाऱ्या बाजूला अशी भिंत नसते. तिथे प्रकाश कमी-कमी होत जातो आणि त्याची नोंदही हळूहळू अस्पष्ट होत जाते.

अस्पष्ट का होते तेही पाहू, कारण काळा फोटो उजळण्याची मर्यादा तिथेच ठरते. प्रकाश फोटॉनच्या रूपात येतो आणि फोटॉन अनियमितपणे पडतात. ही अनियमितता फोटॉनच्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. एखाद्या पिक्सेलवर ६,४०० फोटॉन नोंदले गेले तर चढउतार सुमारे ८० चा, म्हणजे सव्वा टक्का. डोळ्याला तो जाणवतही नाही. त्याच दृश्यात सहा स्टॉप खाली (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) असलेल्या सावलीत, म्हणजे चौसष्टावा हिस्सा प्रकाश असलेल्या जागी, १०० फोटॉन पडतात आणि चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के होतो. हीच ती उजळलेल्या सावलीत दिसणारी खरखर, जिला आपण नॉइज म्हणतो. इथे लक्षात घ्यायची गोष्ट ही की नॉइजच्या आत चित्र आहे. भिंतीतली कमान, पोफळीचं खोड, उभ्या माणसाचा चेहरा खरखरीत का होईना पण तिथे आहे, आणि ही खरखर कमी करण्याचे चांगले मार्ग आज उपलब्ध आहेत. जळालेल्या भागाखाली असं काहीच नसतं.

अर्थात हे सगळं फाइलच्या प्रकारावर फार अवलंबून आहे. चौदा बिटची रॉ फाइल प्रकाशाच्या १६,३८४ पायऱ्या नोंदवते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगासाठी २५६ पायऱ्या असतात. पांढऱ्यापासून सहा स्टॉप खाली जे काही आहे त्यासाठी रॉमध्ये २५६ पायऱ्या उरतात. साध्या जेपेगमध्ये त्याच काळोखासाठी साधारण तेहतीस, आणि कॅमेऱ्याने चित्र उठावदार करण्यासाठी स्वतःचा कर्व्ह लावलेला असेल तर त्याहूनही कमी. शिवाय जेपेग आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकटी करून माहिती आवळते आणि डोळ्याला सहज न दिसणारे बारकावे टाकून देते. हे टाकून दिलेले बारकावे काळोखातलेच जास्त असतात. म्हणून जेपेगमधली सावली दोन स्टॉपपेक्षा जास्त उचलली की चौकटी, रंगीत ठिपके आणि आभाळात पट्टे दिसायला लागतात. रॉ फाइलमधली सावली चांगल्या कॅमेऱ्यात तीन-चार स्टॉपपर्यंत उचलता येते. रॉ फार जागा खाते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो खोटा नाही. पण सगळेच फोटो रॉमध्ये काढायची गरज नसते. भर उन्हातल्या सपाट प्रकाशात जेपेग पुरतो. तटबंदीच्या कमानीखालून समुद्र, झाडाखाली बसलेली माणसं, सूर्यास्ताच्या वेळची होडी असे ऊन-सावलीचे प्रसंग आले की तेवढ्यापुरता रॉचा पर्याय सुरू करावा. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१४ पासून आहे. बऱ्याच फोनच्या कॅमेऱ्यात प्रो किंवा तत्सम नावाखाली ती मिळते.

छायाचित्रणाच्या इतिहासात डोकावलं तर हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा दिसते. १८५१ नंतर वापरात आलेल्या ओल्या कोलोडियनच्या काचा निळ्या प्रकाशाला नको इतक्या संवेदनशील होत्या. जमिनीपुरतं एक्स्पोजर दिलं की आभाळ कोरं पांढरं येई. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नावाजलेले छायाचित्रकार. त्या पिढीतल्या सगळ्यांनाच या कोऱ्या आभाळाशी झगडावं लागलं. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास समुद्राच्या चित्रांसाठी यावर तोड काढली: समुद्राची एक काच, आभाळाची दुसरी, आणि कागदावर दोन्ही जोडून एक चित्र. त्यांनी पांढऱ्या आभाळातून ढग उकरून काढायचा प्रयत्न केला नाही, कारण तो तिथे नव्हताच. त्यांनी ढग वेगळा नोंदवला. १९४१ साली न्यू मेक्सिकोत ॲन्सेल ॲडम्स यांनी ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हे चित्र घेतलं तेव्हा त्यांना प्रकाशमापक सापडेना. चंद्राची तेजस्विता त्यांना पाठ होती, तिच्यावरून त्यांनी एक्स्पोजर ठरवलं. उतरतं ऊन पडलेलं गाव आणि दफनभूमी निगेटिव्हवर फिकट उतरली. पुढे १९४८ मध्ये त्यांनी निगेटिव्हचा खालचा भाग रसायनाने गडद केला आणि प्रिंट करतानाही प्रत्येक भागाला वेगवेगळा प्रकाश दिला. हे शक्य झालं, कारण फिकट का होईना, नोंद झालेली होती. आज आपण स्लायडरने जे करतो त्याचा हा थेट पूर्वज आहे. संगणकाने फोटोग्राफीत हातचलाखी आणली असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर आठवावं.

इथे फिल्मवर आयुष्य काढलेल्या जुन्या स्टुडिओवाल्यांचा एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. त्यांचा सल्ला असतो: अंडर नको, थोडं ओव्हर चालेल. रंगीत निगेटिव्ह फिल्मच्या बाबतीत हा सल्ला अगदी बरोबर होता. निगेटिव्हवर सावलीचा भाग सर्वांत पातळ असतो. तिथे प्रकाश पोचलाच नाही तर फिल्म स्वच्छ पारदर्शक राहते आणि हाती काही लागत नाही. उलट जास्त प्रकाश पडला तर ती दाट होत जाते, पण बऱ्याच मर्यादेपर्यंत फरक धरून ठेवते. डिजिटल सेन्सरची वागणूक याच्या उलट आहे. त्याचं नातं निगेटिव्हपेक्षा स्लाइड फिल्मशी अधिक जवळचं, जिथे जास्तीच्या प्रकाशाला क्षमा नसे. साधन बदललं की नियमाची दिशा बदलते. जुना सल्ला ज्या कारणासाठी दिला जात होता, म्हणजे हरवणारी बाजू आधी सांभाळा, ते कारण मात्र आजही तसंच लागू आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. बिघडलेला फोटो उघडल्याबरोबर स्लायडर ओढायला लागू नये. आधी तपासणी. हिस्टोग्राम उघडा. डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड. आलेख डाव्या काठाशी दाटलेला असेल पण उजवीकडे जागा मोकळी असेल तर फोटो फक्त अंधारा आहे, चिंता नाही. उजव्या काठाला आलेख उंच भिंतीसारखा चिकटलेला असेल तर तिथे काही जळालं आहे. मग पुढचा प्रश्न: तिन्ही रंग जळाले की एकच? लाल, हिरवा, निळा यांचे आलेख वेगवेगळे पाहावेत. कुंडलिका खाडीच्या मुखाशी सूर्यास्त टिपला असेल तर सूर्याभोवतीच्या केशरी भागात लाल रंग आधी भरून वाहतो, निळा अजून शाबूत असतो. कोळणींची लाल-गुलाबी लुगडी, होड्यांचा भडक रंग यांतही हेच होतं. दोन रंग शाबूत असतील तर रॉ सॉफ्टवेअर त्यांच्यावरून तिसऱ्याचा बराच विश्वासार्ह अंदाज बांधतं. डार्कटेबलमध्ये यासाठी ‘हायलाइट रिकन्स्ट्रक्शन’ नावाची वेगळी सोय आहे. तिन्ही गेले असतील तर तो भाग गेला. आणखी एक सावधगिरी: मार्च-एप्रिलमध्ये या किनाऱ्यावर दुपारी दमट धूसरपणा असतो आणि आभाळ खरोखरच फिकट पांढरं असतं. ते पाहून फोटो जळाला असं समजू नये. हिस्टोग्राम काठाच्या आत असेल तर तो पांढरेपणा हवेचा आहे, कॅमेऱ्याचा नाही, आणि कॉन्ट्रास्ट वाढवला की त्यातून कोर्लईच्या डोंगराची रेघ आणि वरचा किल्ला बाहेर येतो.

फोटो कॅमेऱ्यावरच तपासतानाही एक गोष्ट लक्षात ठेवावी. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणारा हिस्टोग्राम बहुधा जेपेगवरून काढलेला असतो. तो जळालं म्हणत असेल तरी रॉमध्ये अर्धा-पाऊण स्टॉप शिल्लक असू शकतो. म्हणून रॉ उघडून पाहिल्याशिवाय फोटो टाकून देऊ नये.

सातखणीचा काळा पडलेला फोटो हातात आहे असं धरून क्रम सांगतो. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअर या कामाला पुरेशी आहेत. लाइटरूम असेल तर उत्तमच. फोनवर स्नॅपसीड डीएनजी प्रकारची रॉ फाइल उघडतं. नावं वेगळी, काम तेच. पहिली पायरी व्हाइट बॅलन्सची, आणि ती बहुतेक जण शेवटी करतात म्हणून रंग बिघडतात. नारळीच्या झावळ्यांमधून गाळून आलेला प्रकाश हिरवट असतो आणि सावलीवर निळ्या आभाळाचा रंग चढलेला असतो. काळोख उजळला की हे दोन्ही रंग भुतासारखे वर येतात. दगडाचा काळा-करडा रंग निळसर-हिरवा झाला की मनोरा शेवाळलेला दिसतो, मग लोक सॅच्युरेशन कमी करत बसतात. त्याऐवजी आधी सावलीतल्या एखाद्या करड्या दगडावर व्हाइट बॅलन्स घ्यावा. आभाळ त्याने पिवळसर होईल. ते पुढे वेगळं सांभाळता येतं.

त्यानंतर एकूण एक्स्पोजर वाढवा, पण थोडंच. मनोरा पूर्ण दिसेपर्यंत वाढवायचा मोह होतो आणि मग आभाळ उजव्या भिंतीला जाऊन आदळतं, म्हणजे जे कॅमेऱ्याने जपलं होतं तेच आपण संगणकावर जाळतो. एक स्टॉप, फार तर सव्वा. उरलेलं काम शॅडो आणि हायलाइटच्या स्लायडरने किंवा डार्कटेबलच्या टोन इक्वलायझरने करावं, कारण ही साधनं अंधाऱ्या आणि उजळ भागांना वेगवेगळं वागवतात. इथे एक धोका असतो. शॅडो शंभर टक्के उचलल्या की मनोऱ्याच्या कडेने आभाळात एक पांढरट वलय उमटतं, आणि सगळं चित्र सपाट होतं, जणू सकाळ-दुपार-संध्याकाळ एकाच वेळी आहे. सावली उजळायची म्हणजे नाहीशी करायची नाही. पायथा माथ्यापेक्षा अंधारा असणं हे त्या जागेचं सत्य आहे. पायथ्याचा दगड वाचता आला, झाडाचं खोड ओळखू आलं की थांबावं. नंतर काळ्या बिंदूचा स्लायडर किंचित खाली ओढून अगदी गडद कोपऱ्यांना पुन्हा काळं होऊ द्यावं. सावल्या उचलून काळा बिंदू न बसवलेला फोटो धुरकट दिसतो, आणि घरी एडिट केलेल्या फोटोंमध्ये मला सर्वांत जास्त वेळा दिसणारा दोष हाच.

यानंतर मास्क. सगळ्या फोटोला एकच उपाय लावण्यापेक्षा भागाभागाने काम करणं नेहमी चांगलं. आभाळाला एक मास्क लावून त्याचा व्हाइट बॅलन्स परत मूळ जागी आणा आणि हवं तर पाव स्टॉप उतरवा. मनोऱ्याच्या दगडाला दुसरा मास्क लावून लहान भागातला कॉन्ट्रास्ट, ज्याला क्लॅरिटी किंवा लोकल कॉन्ट्रास्ट म्हणतात तो, थोडा वाढवा. झिजलेल्या दगडाचे थर त्याने उठून येतात. झाडांना मात्र तो लावू नये, झावळ्या काटेरी दिसतात. फोटोत माणूस असेल तर चेहऱ्यावर वेगळा हलका मास्क करून अर्धा-पाऊण स्टॉप उजळावा आणि तिथे क्लॅरिटी शून्य ठेवावी. सावळ्या वर्णाचे चेहरे काळोखातून उचलताना लालसर-नारिंगी होतात, कारण अंधारात निळ्या रंगाची नोंद सर्वांत क्षीण असते. त्यावर उपाय गोरेपणा वाढवणं हा नाही. नारिंगी रंगाचं सॅच्युरेशन दहा-पंधरा टक्के उतरवलं की त्वचेचा मूळ रंग परत येतो. माणूस जसा आहे तसा दिसला पाहिजे. त्याला उजळवून ओळखू न येईल असं करणं म्हणजे फोटो वाचवणं नव्हे.

नॉइज या सगळ्यानंतर, पण शार्पनिंगच्या आधी. रंगीत ठिपके जवळजवळ पूर्ण काढावेत, कारण निसर्गात ते नसतात. करडी खरखर मात्र निम्म्याहून जास्त काढू नये. ती पूर्ण पुसली की दगड मेणाचा होतो. फोटो शंभर टक्के मोठा करून नॉइज पाहणं हा वेळ वाया घालवण्याचा उत्तम मार्ग आहे. ज्या आकारात छापायचा किंवा पाहायचा त्या आकारात पाहावं. आठ बाय बारा इंचांच्या प्रिंटमध्ये निम्मी खरखर आपोआप मिटते. संगणकाच्या पडद्याचा उजेडही मध्यम ठेवावा. पूर्ण उजेडाच्या पडद्यावर एडिट केलेला फोटो कागदावर हमखास काळा येतो, आणि लॅबला उगाच दोष दिला जातो.

जळालेल्या फोटोचं काय करावं? थोडक्यात सांगता येण्यासारखं आहे, कारण करता येण्यासारखं थोडंच आहे. जळालेला भाग लहान आणि कडेला असेल तर क्रॉप करावा. आभाळ जळालं असेल आणि विषय आभाळ नसेल तर फोटो कृष्णधवल करून पाहावा; पांढरं आभाळ कृष्णधवल चित्रात फारसं खटकत नाही, पूर्वीच्या लोकांनी ते वर्षानुवर्षं पाहिलं आहे. त्याच वेळी त्याच जागेवरून कमी एक्स्पोजरचा दुसरा फोटो घेतला असेल तर ल ग्रे यांच्यासारखं दोन्ही जोडता येतात. यापलीकडे हायलाइट ओढून पांढऱ्याचा मळकट करडा करू नये. स्वच्छ पांढरं आभाळ प्रामाणिक असतं, करडं केलेलं जळकं आभाळ नुसतं आजारी दिसतं.

हे वाचून कुणी म्हणेल, आता एवढा खटाटोप हवा कशाला, फोन स्वतःच सगळं जुळवून देतो. अंशतः खरं आहे. पण फोन ते कसं करतो हे पाहिलं तर माझ्याच म्हणण्याला पुष्टी मिळते. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ साली एचडीआर प्लस या आपल्या पद्धतीचा तपशील प्रसिद्ध केला. तिच्यात फोन मुद्दाम कमी एक्स्पोजरचे अनेक फोटो पटापट घेतो, म्हणजे उजेड जळू देत नाही, मग ते एकमेकांवर जुळवून खरखर कमी करतो आणि शेवटी सावल्या उचलतो. सारखे फोटो एकत्र केले की नॉइज त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो. नऊ फोटो मिळून नॉइज तिसरा हिस्सा. म्हणजे उजेड जपा, काळोख नंतर उचला, हाच क्रम. फरक इतकाच की किती उचलायचं हा निर्णय फोन घेतो आणि तो निर्णय बहुधा अतिरेकी असतो. किल्ल्याच्या भुयारी कमानीचा फोटो फोनने काढला की ती कमान अंधारी होती हेच कळत नाही. शिवाय एका पाठोपाठ घेतलेल्या फोटोंमध्ये लाट हलते, झावळी हलते आणि तिथे दुहेरी कडा उमटतात.

दुसरा आक्षेप अधिक नवा आहे: जळालेलं आभाळ कृत्रिम बुद्धिमत्तेने भरून घेता येतं, मग गेलं म्हणायचं कशाला? २०२३ पासून फोटोशॉपमध्ये अशी सोय आहे आणि तिचे परिणाम पाहताना खरे वाटतात. घरच्या सहलीच्या फोटोत कुणी असं आभाळ घातलं तर जगाचं काही बिघडत नाही. पण रेवदंडा-चौलसारख्या जागी घेतलेल्या फोटोला एक दुसरं मोल आहे. इथला दगड खाऱ्या वाऱ्याने झिजतो आहे, पिंपळा-वडाची मुळं भिंती फोडत आहेत. दरवाजावरचं पोर्तुगीज चिन्ह किंवा कोर्लईवरचे शिलालेख यांचा आज घेतलेला फोटो वीस वर्षांनी पुरावा असू शकतो. काळोखात गेलेला शिलालेख उजळून, कॉन्ट्रास्ट वाढवून वाचणं हे नोंदीशी इमान राखणारं काम आहे. तोच धूसर शिलालेख एखाद्या ‘एन्हान्स’च्या बटणाखाली घातला तर यंत्र झिजलेल्या अक्षरांच्या जागी स्पष्ट अक्षरं बसवतं, जी तिथे कधी कोरलेलीच नव्हती. असा फोटो नुसता निरुपयोगी नसतो, घातक असतो, कारण तो खात्रीशीर दिसतो. इतिहासाचे विद्यार्थी, स्थानिक शाळेचे शिक्षक, किल्ल्यांची नोंद ठेवणाऱ्या हौशी मंडळींनी हा मोह कटाक्षाने टाळावा.

मग उजळणं आणि खोटं करणं यांतली रेघ नेमकी कुठे? वृत्तछायाचित्रणातही हा वाद जुना आहे. वर्ल्ड प्रेस फोटोच्या २०१५ च्या स्पर्धेत अंतिम निवडीच्या आधीच्या फेरीपर्यंत आलेल्या चित्रांपैकी सुमारे वीस टक्के चित्रं फेरफारामुळे बाद झाली. मूळ फाइल मागवून तुलना केल्यावर हे उघड झालं. मला त्यातून घेण्यासारखी वाटणारी कसोटी साधी आहे: मूळ फाइल शेजारी ठेवून प्रत्येक दिसणाऱ्या गोष्टीकडे बोट दाखवता आलं पाहिजे. काळोखातून वर आलेली कमान मूळ फाइलमध्ये अंधुक दिसते, म्हणून ती चालते. आभाळातला ढग मूळ फाइलमध्ये नाही, म्हणून तो चालत नाही. ही कसोटी उलट बाजूनेही लावावी. जळालेल्या आभाळासाठी नाही म्हणणाऱ्याने मूळ फाइलमधली गोष्ट काळोखात बुडवून लपवतानाही अडखळलं पाहिजे. किनाऱ्यावरचा प्लॅस्टिकचा ढीग सावलीत घालवणं ही तेवढीच मोठी ढवळाढवळ आहे.

पुन्हा फोटो काढायला गेल्यावर काय करायचं, हेही इथेच सांगायला हवं, कारण वाचवण्याचं अर्धं काम शटर दाबण्यापूर्वी होतं. कॅमेरा दिसेल ते सगळं मध्यम करडं मानून एक्स्पोजर ठरवतो. रेवदंड्याची वाळू काळसर आहे. फ्रेमचा मोठा भाग ओल्या काळ्या वाळूने भरला की कॅमेऱ्याला दृश्य अंधारं वाटतं, तो एक्स्पोजर वाढवतो, वाळू करडी होते आणि लाटांचा फेस जळतो. वाळूवर वाळत घातलेले बोंबीलही असेच पांढरे ठिपके होऊन जातात. अशा ठिकाणी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे पाऊण ते एक स्टॉप ठेवावं. उलट समुद्राच्या चमचमत्या पाण्याने फ्रेम भरली की कॅमेरा स्वतःच एक्स्पोजर खाली आणतो. तिथे आणखी कमी करू नये. रेवदंडा-साळाव पुलाकडून खाडीचा फोटो घेताना हा फरक सहज अनुभवता येतो. फोनवर पडद्यावरच्या सर्वांत उजळ भागावर बोट ठेवून मग सूर्याची खूण खाली ओढली की एक्स्पोजर असंच कमी करता येतं.

उजेड जपा म्हणजे फोटो मुद्दाम काळाच काढा, असा अर्थ मात्र घेऊ नये. वर सांगितलेलं वर्गमुळाचं गणित दोन्ही बाजूंनी चालतं. गरजेपेक्षा दोन स्टॉप कमी दिले तर सावलीतली खरखर विनाकारण दुप्पट होते. जाणकार म्हणतात की एक्स्पोजर शक्य तितकं उजवीकडे न्यावं, आणि ते बरोबरच आहे. माझा आग्रह एवढाच की उजव्या काठाला स्पर्श होण्याआधी थांबावं. सूर्याचं बिंब आणि पाण्यावरचे चकाके मात्र जळू द्यावेत. ते जपायला गेलं तर बाकी सगळं दृश्य रात्रीत जाईल. दृश्यातला फरक फारच मोठा असेल, जसा भर दुपारी किल्ल्याच्या दरवाजातून बाहेरचा रस्ता आणि आतली भिंत दोन्ही हवी असतील, तर एका फोटोवर विसंबू नये. कॅमेरा तटाच्या दगडावर टेकवून दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फोटो घ्यावेत. आणि सूर्यास्ताच्या वेळी नारळाच्या रांगा काळ्या आल्या असतील तर त्यांना उजळायला जाऊच नये. तिथे काळोख हाच आकार देतो, खोडांचा तपशील कुणाला नको असतो.

काम झाल्यावर फाइल कशा ठेवायच्या, हा भाग बहुतेकांकडून राहून जातो. मूळ रॉ कधीही पुसू नये, त्यावर सेव्हही करू नये. डार्कटेबल मूळ फाइलला हात न लावता बदलांची यादी शेजारी एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलमध्ये लिहितं. फोल्डर दुसरीकडे हलवताना ही फाइलही बरोबर न्यावी, नाहीतर केलेलं काम दिसेनासं होतं. छापायला सोळा बिटची टिफ, फोनवर पाठवायला जेपेग असे दोन वेगळे नमुने काढावेत आणि पाठवलेल्या जेपेगवर पुन्हा एडिटिंग करू नये. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत उचलण्यासारखं काही उरलेलं नसतं, पाठवणाऱ्याकडून मूळ फाइल मागवावी. फोटोचं ठिकाण, दिशा, तारीख मेटाडेटात टिपून ठेवावी. आणि आज नॉइजमुळे बाजूला ठेवलेले काळे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जपावेत. नॉइज काढणारी साधनं दरवर्षी सुधारत आहेत. पाच वर्षांपूर्वी सोडून दिलेली रॉ फाइल आजच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर तिच्यातून कितीतरी स्वच्छ चित्र निघतं.